विकासाचे व्यवस्थापक कोणासाठी?

जबलपूर शहरात सामावलेले गढा ही एकेकाळी गोंड राज्याची राजधानी होती. राणी दुर्गावतीचे नाव आज शहरातील विद्यापीठाला आहे. याच शहराजवळ नर्मदेवर बरगी धरण उभे राहिले. १९९० मध्ये ते पूर्ण झाले आणि जबलपूर, मंडला व सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ बसली. दीर्घ संघर्षानंतर १९९४ मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला. जाळे टाकणारे हात गावात होते. परंतु बर्फ, वाहतूक, स्वामित्वशुल्क, हिशेब आणि शासनाशी वाटाघाटी यांसाठी व्यवस्थापनाचे ज्ञानही हवे होते.

विकास-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे प्रयोजन हेच आहे. १९७९ मध्ये आणंद येथे ‘इर्मा’ स्थापन करताना वर्गीज कुरियन यांची भूमिका स्पष्ट होती : उत्पादक मालक असावेत आणि प्रशिक्षित व्यवस्थापक त्यांचे सेवक. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनेही तुळजापूरला केंद्र उभारून शिक्षण ग्रामीण भागाजवळ नेले.

मात्र आजची धोरणे या पदवीधरांना उलट दिशेने ओढतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक खर्चाचे बंधन घातले. त्यातून नोकऱ्या निर्माण झाल्या, परंतु त्यांचे उत्तरदायित्व कंपनीच्या संचालक मंडळाशी आहे, गावाशी नाही. दुसरीकडे, परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थांनी असा निधी लहान संस्थांना देण्यास मनाई केली. व्यवस्थापकाचे वेतन याच प्रशासकीय खर्चात मोजले जाते.

देणगीदारांचा पैसा आलिशान कार्यालयांवर उधळला जाऊ नये, ही चिंता रास्त आहे. परंतु त्यावर उपाय पारदर्शक हिशेबाचा आहे. जिल्हा पातळीवरच्या लहान संस्थेला आणि महानगरातील बलाढ्य संस्थेला एकाच टक्केवारीने मोजणे म्हणजे लहानांना हिशेबनीसाविना ठेवून हिशेबाबद्दल दोषी धरणे होय.

म्हणून लहान संस्थांसाठी ही मर्यादा शिथिल करावी. ग्रामीण सहकारी संघांत काही वर्षे काम करणाऱ्यांना शिक्षणशुल्क माफ करावे. आपले विद्यार्थी कोठे काम करतात, हे विद्यापीठांनी वेतनाच्या आकड्यांसोबत जाहीर करावे. विकासशिक्षणाची खरी परीक्षा बरगीच्या काठावर आहे.