"मला काही झालं नाही" यावर विश्वास ठेवू नका



३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्यात भारत-इंग्लंड टी-ट्वेन्टी सामना झाला. शेवटच्या षटकात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. तो खेळत राहिला, पण डाव संपल्यावर कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, म्हणून त्याच्या जागी हर्षित राणा आला. राणाने ३ बळी घेतले, भारत जिंकला आणि वाद पेटला. आमच्याकडे चहावरही एकच चर्चा : "लागल्यावर खेळला की! मग नंतर कसलं कन्कशन?"

मी इतकी वर्षं नर्सिंग केलं, म्हणून सांगते. हादऱ्याची लक्षणं उशिरानेही दिसतात. बहुतेकांची शुद्ध हरपत नाही, सीटी स्कॅनही बहुधा नॉर्मल येतो. १९९८ साली ढाक्यात रमण लांबाच्या डोक्याला चेंडू लागला. हेल्मेट नव्हतं. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, आणि तीन दिवसांनी वारला. तो रक्तस्राव होता, कन्कशन नव्हे. पण पहिल्या काही मिनिटांत दोन्ही सारखेच दिसू शकतात.

२०२५मध्येच आयसीसीने नियम कडक केले. बदली खेळाडू आधीच ठरवायचे, आणि कन्कशन झालेल्याने किमान ७ दिवस खेळायचं नाही. चांगलं झालं. पण बेर-शेवा-दिमोनात आपली मुलं क्रिकेट खेळतात, तिथे डॉक्टर कुठला उभा असायला? म्हणून हे शिक्षण खेळाडूंनाच द्यायला हवं. लागलेला मुलगा लपवतो. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र कळतं की हा गोंधळलाय, तेच तेच विचारतोय, तोल जातोय.

आणि आम्हा नर्सेसनाही नव्याने शिकावं लागतं. आम्ही विचारायचो, "नाव काय? आज वार कोणता?" हादरा बसलेला खेळाडू याची उत्तरं बरोबर देऊ शकतो. त्याला विचारावं, "मागचा सामना कोणाशी झाला? जिंकलात का?" तिथे तो अडखळतो. अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहा, असंही आम्ही सांगत असू. आता एक-दोन दिवस विश्रांती, थोडं चालणं, मोबाईल कमी, मग पायरीपायरीने खेळाकडे, आणि सामन्याआधी डॉक्टरांची परवानगी, असं सांगतात.

नातवंडांना एवढंच शिकवा : डोक्याला लागलं आणि जराही शंका आली, तर त्या दिवशी खेळ बंद. रात्री एकटं सोडू नका. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायात अशक्तपणा, जागं करणं कठीण, यांतलं एकही दिसलं तर लगेच १०१.

दुबेला बाहेर बसवलं ते बरोबरच झालं, असं मला वाटतं. सामना पुढच्या आठवड्यात पुन्हा होतो. डोकं एकच असतं.