आधी खुराडं, मग कोंबड्या

गेल्या श्रावणात आमच्या येळ्ळूरच्या गल्लीतल्या एका मावशींच्या नऊ कोंबड्या एका रात्रीत गेल्या. सकाळी आम्ही बघायला गेलो तर परड्यात सगळीकडे पिसं. एक कोंबडी नेलेली आणि बाकीच्या आठ खुराड्यातच मान तुटून पडलेल्या. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "नशिबात न्हवत्या की गे." जमलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या आणि पाचच मिनिटांत विषय पावसावर गेला.

मला त्या 'नशिबात न्हवत्या' बद्दल बोलायचं आहे. कारण नंतर मी ते खुराडं वाकून नीट बघितलं. फळांच्या पेट्यांच्या फळ्या, त्यावर छोट्या खिळ्यांनी मारलेली षटकोनी भोकांची पातळ जाळी, दाराला कडीऐवजी सुतळी, आणि खाली नुसती माती. एका कोपऱ्यात जाळी खालून उचकटलेली होती. यात नशिबाचा काय संबंध? ती जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी असते, बाहेरच्याला बाहेर ठेवण्यासाठी नसते. दुकानात 'कोंबड्यांची जाळी' म्हणूनच मिळते, त्यामुळे आपण फसतो.

रात्रीचं काम, म्हणजे रानमांजर असावं. पण आठ कोंबड्या मारून टाकून का गेलं? क्रूर म्हणून नाही. उघड्यावर एक कोंबडी धरली की बाकीच्या पळतात आणि शिकार तिथंच संपते. बंद खुराड्यात पळायला जागा नसते. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, ती बसल्या जागी फडफडत राहते, आणि फडफड चालू असेपर्यंत शिकारी प्राणी चावत राहतो. म्हणजे कच्चं खुराडं हे खुराडं नसण्यापेक्षा वाईट. आंब्याच्या फांदीवर चढून बसलेली गावठी कोंबडी कदाचित वाचते. कच्च्या खुराड्यात कोंडलेली वाचत नाही, कारण तिला आपणच कोंडलेलं असतं.

गल्लीतल्या जुन्या बायका म्हणतात, "आमच्या वेळंला कुठं होती असली खुराडी? डालग्याखाली डालायचो, झालं." खरं आहे. पण ते डालगं कुठं असायचं? घरात. पडवीत, नाहीतर गोठ्यात म्हशीच्या बाजूला. दाराला आतून अडसर असायचा आणि माणसं तिथंच झोपलेली असायची. कोंबड्यांचं खरं खुराडं म्हणजे ते अख्खं घर होतं. डालगं नुसतं झाकण. आता घरात फरशी आली, स्लॅब आला, गोठे मोडले. कोंबड्यांची घाण घरात कुणाला नको, मलाही नको. म्हणून त्या परड्यात गेल्या. पण त्यांच्याबरोबर भिंत गेली नाही, अडसर गेला नाही. राहायची जागा बदलली आणि बंदोबस्त मात्र डालग्याएवढाच राहिला. शिवाय गावाबाहेरचे प्लॉट वाढत चाललेत, टाकलेल्या उष्ट्या-खरकट्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि राजहंसगडाच्या बाजूची झाडी काही फार लांब नाही. पिल्लांवर दिवसा घार आणि कावळे, अंड्यांवर धामण, फटीतून येणारी घूस आणि मुंगूस. मुंगूस दिसलं की आपण शुभ म्हणतो. कोंबड्यांना काय वाटतं ते कोण विचारतो?

यावर काही जणांचं उत्तर तयार असतं: विष घाला, सापळा लावा. हे मला पटत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस आणि रानमांजर दोघांनाही संरक्षण आहे. आणि विष घातलेलं मटण रानमांजरच खाईल, शेजारचं कुत्रं खाणार नाही, याची हमी कोण देणार? रानमांजर त्याच्या स्वभावाप्रमाणे वागलं. दार नीट लावायचं काम आपलं होतं.

मग पक्कं खुराडं म्हणजे काय? दिवाळीनंतर आम्ही आमच्या घरासाठी एक करून घेतलं, म्हणून सांगते. चार फूट बाय तीन फूट, आठ-नऊ कोंबड्यांना रात्रीपुरतं पुरतं. लोखंडी अँगलची चौकट, जमिनीपासून दोन फूट उंच, म्हणजे कुत्रं उकरून आत येत नाही आणि पावसाचं पाणीही शिरत नाही. जाळी अर्ध्या इंची चौकोनी, वेल्ड केलेली. ती नुसती खिळ्यांनी न मारता पट्टी लावून स्क्रूने आवळलेली. खुराडं जमिनीवरच ठेवायचं असेल तर हीच जाळी चारी बाजूंनी फूटभर बाहेर पसरून मातीखाली गाडायची. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरतो आणि जाळीवर येऊन थांबतो. दाराला दोन कड्या, एक वर, एक खाली. खालचा कोपरा ढकलून वाकवता येऊ नये म्हणून. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ती बाजू पत्र्याने बंद आणि पूर्वेची मोकळी. वारा खेळायला वर, छपराच्या खाली जाळीची पट्टी ठेवायचीच, नाहीतर आतल्या वाफेने कोंबड्यांना सर्दी धरते. बसायला आडवी काठी. खाली भाताचं तूस. येळ्ळूर भाताचं गाव, तुसाला काय तोटा?

खर्च आला साडेसहा हजार. वडील म्हणाले, "कोंबड्यांपेक्षा खुराडं महाग." मी वहीत हिशेब मांडला. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 अंडी देते. नऊ कोंबड्यांची झाली 540. बारा रुपयांनी विकली तर 6,480 रुपये. म्हणजे एका वर्षाच्या अंड्यांत खुराडं फिटतं आणि पुढं बरीच वर्षं टिकतं. मावशींचे हे 6,480 रुपये दरवर्षी कुठं जायचे तेही मला माहीत आहे: नातीच्या वह्या, भिशी, दवाखान्याचं रिक्षाभाडं. भाताचे पैसे घराचे असतात, दुधाचे डेअरीच्या पासबुकात जातात. अंड्यांचे पैसे तेवढे बाईच्या पदराच्या गाठीत असतात आणि त्यांचा हिशेब तिला कुणी विचारत नाही. म्हणूनच ते गेले तेव्हाही कुणी विचारलं नाही. नऊ कोंबड्यांऐवजी एक म्हैस मेली असती तर विषय पाच मिनिटांत पावसावर गेला असता का?

पक्कं खुराडं केलं म्हणजे सगळं झालं, असंही मी म्हणत नाही. मानमोडी आली तर लोखंडाची चौकट काय करणार? तिथं लसच हवी, वेळेवर हवी. पण लस देऊन वाढवलेली कोंबडी सुतळीच्या दारामागे ठेवणं म्हणजे पेरणी करून कुंपण विसरणं. आणि आता आपल्याकडे गिरिराजसारख्या सुधारित जाती आल्यात. ही जात बंगळूरच्या हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झाली, अंगाने जड, अंडीही जास्त. पण जड असल्यामुळे ती झाडावर चढून जीव वाचवू शकत नाही. म्हणजे कोंबडी जितकी सुधारलेली, तितकं खुराडं पक्कं हवं. आपण मात्र पिल्लांचा दर विचारतो, जात विचारतो, आणि राहायचं कुठं हा प्रश्न ती घरी आणल्यावर संध्याकाळी पडतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. 2005 च्या रोजगार हमी कायद्याखालच्या वैयक्तिक कामांच्या यादीत गोठ्याबरोबर, शेळ्यांच्या शेडबरोबर कोंबड्यांचा निवाराही घातलेला होता. अल्पभूधारक आणि बाई कर्ती असलेली कुटुंबं त्याला पात्र होती. गल्लीतल्या सहा बायकांना मी विचारलं, एकीलाही माहीत नव्हतं. त्यातल्या एकीकडे कोंबड्यांचं सरकारी माहितीपत्रक होतं, पण कन्नडमधलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं, देवाच्या फोटोमागे. वाचता येत नव्हतं, म्हणून. येळ्ळूर म्हटलं की बाहेरच्यांना 2014 मधला फलकाचा वाद आठवतो. भाषेचा प्रश्न इथं फलकावर दिसतो, बातमीत येतो. पण फोटोमागच्या त्या घडी घातलेल्या कागदावरही तोच प्रश्न आहे, आणि त्यावर उत्तर शोधायला मोर्चा लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक जागा आहे. येशू हेरोदाला कोल्हा म्हणतो आणि पुढच्या दोन-तीन ओळींतच स्वतःला पिल्लं पंखाखाली घेऊ पाहणारी कोंबडी म्हणतो. चर्चमध्ये हे मी लहानपणापासून ऐकत आले, गोड वाटायचं. त्या सकाळनंतर गोड वाटत नाही. कोल्ह्यासमोर कोंबडीकडे पंखांशिवाय काहीच नसतं. पंखाखाली घेणं हे प्रेम आहे, खरंच आहे, पण आपल्याला त्याखेरीज हात दिलेत, पाना दिलाय, जाळी कापायची कात्री दिलीय. ती आपण वापरत नाही आणि वर नशीब म्हणतो, हे मला चुकीचं वाटतं.

म्हणून मंडळाला एक सुचवते. आपण दरवर्षी मराठी दिनाला भित्तिपत्रक काढतो. यंदा त्यातलं एक पान खुराड्याला देऊ या. आपल्यात कन्नड वाचणारे आहेत, इंग्रजी वाचणारे तर सगळेच. त्या कागदांतलं उपयोगाचं तेवढं काढून साध्या मराठीत लिहू: जाळी कोणती, कडी कुठं, लस कधी, अर्ज कुठं. 'मुक्तसंचार कुक्कुटपालन' असं लिहायचं नाही. डालणं, रवणीला बसवणं, खुडूक, तलंग हे शब्द बायकांकडे आहेत, तेच वापरायचे. आपल्यातल्या कितीजणांना ते येतात तेही कळेल. झेरॉक्स काढून गल्लीगल्लीत द्यायचं.

मावशींनी परवा पाच तलंगा आणल्या. खुराडं अजून तेच आहे. आमच्यात अजून चार मावतात, म्हणून सध्या त्या पाचातल्या चार संध्याकाळी आमच्याकडे येतात आणि एक मावशींच्या स्वयंपाकघरात, डालग्याखाली.