ब्राह्मी आणि सुंदरी, दोघीही हव्यात



गेल्या महिन्यात माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले होते. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, दोन वर्षांपासून नोकरीत. चित्रंही सुरेख काढते. आमच्या पाठशाळेच्या भिंतीवर त्रिशलामातेची सोळा स्वप्नं तिनेच रंगवली आहेत. ती पाहून मुलाच्या आई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "आमच्याकडे नोकरीची काही गरज नाही हो. हातात एवढी कला आहे, घरी बसून चित्रं काढ, क्लास घे."

पाहुणे गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मावशी, चित्रं काढते हे सांगायलाच नको होतं का गं?"

हा प्रश्न मला फार लागला, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे.

पंपांच्या कारखान्यात डिझाइन विभागात मला अठरा वर्षं झाली. पंपात फिरणाऱ्या इंपेलरची पाती कशी वळवायची, हे माझं काम. पाणी आत ओढताना दाब फार कमी झाला तर पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूला खड्डे पाडतात. ते होऊ नये म्हणून दिवसदिवस आकडेमोड चालते.

आणि अष्टाह्निका पर्वात मी मंदिरात सिद्धचक्र विधानाचं मंडल मांडते. पहिल्या वलयात ८ कोठे, मग १६, मग ३२, असं दुप्पट होत आठव्या वलयात १०२४. एकूण २०४०. मंडल दहा फुटी असलं तरी शेवटच्या वलयातला कोठा एक सेंटिमीटरही रुंद होत नाही. तिथे रंगीत तांदूळ भरताना श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो.

ऑफिसात विचारतात, "रांगोळीसाठी रजा?" मंदिरात विचारतात, "एवढा वेळ मिळतो? नोकरी आरामाची दिसते." दोन्हीकडच्यांना आपल्या बाजूचं तेवढं काम वाटतं आणि दुसरं म्हणजे विरंगुळा.

पण दोष फक्त लोकांना कशाला देऊ? मुलगा झाल्यावर सहा वर्षं मी मंडलाला हात लावला नाही. कुणी मनाई केली नव्हती. नोकरी चालू ठेवायची तर आपण दुसरं काहीतरी सोडून दाखवलं पाहिजे, असं माझं मीच ठरवलं होतं. त्या सहा वर्षांत माझं घर जास्त नीट चाललं नाही की ऑफिसचं काम जास्त चांगलं झालं नाही. चिडचिड मात्र वाढली.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. कला ही नोकरीच्या बदल्यात हातावर ठेवायची भेटवस्तू नव्हे. "चित्रं आहेत ना, मग नोकरी कशाला?" असं म्हणणारा ना चित्रांचा मान ठेवतो, ना शिक्षणाचा. "एवढं छान करतेस, ऑर्डर का घेत नाहीस?" हा प्रश्नही त्यातलाच. विधान संपलं की मंडल आवरलं जातं, त्यातलं काहीच माझ्याकडे राहत नाही. म्हणून ते वाया गेलं असं आपण कधी म्हणतो का?

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, ही गोष्ट आपण पाठशाळेत अभिमानाने सांगतो. अक्षरं आणि अंक एकाच घरात, एकाच पित्याने, मुलींना दिले. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात आपल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. गणित कुठे कुठे उपयोगी पडतं हे सांगताना त्यांनी संगीत, नाट्य, वास्तुविद्या आणि स्वयंपाकसुद्धा सोडला नाही. त्यांना या गोष्टी एकमेकींच्या वैरी वाटल्या नाहीत. मग आपल्याला का वाटाव्यात?

आता खरी अडचण वेळेची, हे मला मान्य आहे. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि माझी बस सव्वासहाला येते. मी संध्याकाळचा डबा कारखान्यातच साडेपाचला खाते. घरी सासूबाई आणि यजमान मिळून स्वयंपाक करतात. हे पहिल्या दिवसापासून नव्हतं. मला तोंड उघडून मागावं लागलं.

पण आपल्या घरांची एक जमेची बाजू बघा. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणजे सातनंतर चूल बंद. तो तास-दीड तास जातो कुठे? उद्याची भाजी निवडण्यात, नाहीतर मालिका बघण्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की आठवड्यातून दोन दिवस तरी तो तास घरातल्या सुनेच्या, मुलीच्या नावावर करा. तिने काय केलं, ते विचारू नका. आणि सासूबाईंनाही असा तास हवा असतो, हेही विसरू नका.

भाचीला मी सांगितलं, "चित्रं लपवू नकोस. नोकरी करणार हेही लपवू नकोस. दोन्ही एकदमच सांग." तिने तसा निरोप पाठवला आहे. पाहुण्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. काहीही आलं तरी पाठशाळेची दुसरी भिंत ती येत्या रविवारी रंगवायला घेणार आहे, आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला कामावर जाणार आहे.