‘यू बेटर’ म्हणताय? जरा थांबा!

केटी लागलेल्या मित्राला आपण पटकन काय टाइप करतो? ‘यू शुड हॅव स्टडिड, यार!’ व्याकरण एकदम परफेक्ट, पण सल्ला शून्य. ‘शुड हॅव’ म्हणजे ‘करायला हवं होतं’. रिझल्ट लागून गेल्यावर तो बिचारा त्याचं काय करणार?

बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात मोडल ऑक्झिलरी आपण सगळ्यांनीच सोडवल्यात. ऑब्लिगेशन म्हटलं की ‘मस्ट’, ॲडव्हाइस म्हटलं की ‘शुड’. मार्क मिळाले, विषय संपला. पण कुठल्या शब्दाचं वजन किती, हा प्रश्न पेपरात नव्हता. तो आता पडतो, रोजच्या मेल आणि मेसेजमध्ये.

सगळ्यात मोठा घोळ ‘हॅड बेटर’चा. बेटर म्हणजे बरं, असं धरून आपण सरांना लिहितो, ‘सर, यू बेटर टेक द लेक्चर ऑन सॅटर्डे.’ मनात असतं, ‘शनिवारी लेक्चर घेतलंत तर बरं होईल.’ वाचणाऱ्याला मात्र ऐकू येतं, ‘घ्या, नाहीतर बघा!’ कारण ‘हॅड बेटर’मध्ये ताकीद असते. तिथे ‘कुड यू’ पुरलं असतं. हाच मेल इंटर्नशिपसाठी एचआरला गेला तर?

गंमत म्हणजे मराठीत हे वजन आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ‘करून बघ’, ‘केलंस तर बरं’, ‘करायला हवंस’, ‘केलंच पाहिजेस’ यातलं कुठलं कुणाला म्हणायचं, ते बरोबर कळतं. तोच कान इंग्रजीला लावा. ‘यू कुड’ निर्णय समोरच्यावर सोडतं, ‘यू शुड’ आपलं मत सांगतं आणि ‘यू मस्ट’ चर्चाच संपवतं. (‘यू मस्ट ट्राय धिस मिसळ’मधला ‘मस्ट’ वेगळा, तो प्रेमाचा आग्रह!)

हा फरक फक्त मार्कांपुरता नाही. मैत्रीण रात्री एक वाजता लिहिते, ‘रिझल्ट घरी सांगायची भीती वाटतेय.’ ‘यू मस्ट टेल देम’ म्हणालात तर ती ‘ओके’ टाकून ऑफलाइन जाईल. ‘यू कुड टेल ताई फर्स्ट’ म्हणालात तर कदाचित बोलत राहील.

अर्थात, प्रत्येक वेळी मऊ बोलूनही चालत नाही. कुणाचं रॅगिंग होत असेल, तर ‘यू माइट कंप्लेन’ म्हणणं म्हणजे अंग काढून घेणं. तिथे ‘मस्ट’च म्हणा. आणि तक्रार करायला सोबतही जा.