सही करण्याआधी वाचा

मूल परदेशी निघाले की घरोघरी तयारी होते. नवे कपडे येतात, मसाल्याच्या पुड्या बांधल्या जातात, थोरांचे आशीर्वाद घेतले जातात. पण तिकडे ते राहणार कोठे, हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला हा उशीर महागात पडला. मुलाला जर्मनीत नेकारसुल्म येथे नोकरी लागली. मालक बाहेरगावी आहे, किल्ली टपालाने येईल, असे सांगून कोणी खोलीची छायाचित्रे पाठवली. वडिलांनी साठवलेल्या पैशांतून अनामत भरली. किल्ली आलीच नाही.

नेकारसुल्म हे नेकार व सुल्म या नद्यांच्या संगमावरचे लहान शहर. १८८० साली तेथे विणकाम यंत्रांचा कारखाना आला. पुढे तेथे मोटारी होऊ लागल्या व आज तो ऑडीचा कारखाना आहे. काउफलांड या दुकानांची मुख्य कचेरीही तेथेच आहे. गाव लहान आणि पोटासाठी येणारे पुष्कळ. म्हणून जागेची टंचाई, आणि टंचाईत घाई. शेजारच्या हेलब्रॉन शहरातही शोधावे. तेथून रेल्वेने जाता-येता येते.

जर्मन कायदा भाडेकरूला चांगले संरक्षण देतो, पण ते माहीत असणाऱ्यालाच उपयोगी पडते. अनामत मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून अधिक मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. जाहिरातीतले 'काल्टमीट' म्हणजे नुसत्या जागेचे भाडे. पाणी व खोली गरम ठेवण्याचा खर्च मिळवला की 'वार्ममीट'. विजेचे बिल बहुधा वेगळेच. पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटाही नसतो, तेव्हा आधी विचारावे. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नाव नोंदवावे लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो द्यायला जो मालक नकार देतो, त्याची खोली घेऊ नये. ताबा घेताना भिंतीवरचे डाग, मोडकी खिडकी, सारे कागदावर नोंदवावे. नाहीतर जाताना तो खर्च अनामतीतून कापला जाण्याची भीती. मुदत न घातलेल्या करारात खोली सोडायची तर साधारणपणे तीन महिने आधी लेखी कळवावे लागते.

आणि खोली स्वतः किंवा विश्वासू माणसाने पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. पहिले काही आठवडे वसतिगृहात काढावे लागले तरी चालेल.

१८३४ पासून गिरमिटावर या बेटावर मजूर आले, त्यांत आपले कोकणातले पूर्वजही होते. करारात काय लिहिले आहे हे वाचता न येताच कित्येकांनी अंगठा उठवला. त्यांनी पोटाला चिमटा घेऊन पुढच्या पिढ्यांना शाळेत पाठवले. त्यांच्या पणतवंडांनी न वाचता सही केली, तर आम्हा शिक्षकांचेच काही चुकले म्हणायचे. भाषा कळत नसेल तर जाणकाराला विचारा. भाडेकरूंचे संघ तेथे वर्गणीदारांना सल्ला देतात. विचारण्यात कमीपणा नाही. पालकांनो, मुलांच्या सामानाबरोबर एवढी शिदोरीही बांधून द्या.