‘सर्व्हर डाऊन’चा खर्च रुग्णाच्या खिशातून

आर्वीहून किंवा कारंज्याहून पहिल्या एसटीने निघालेला रुग्ण सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीशी पोहोचतो आणि आतून उत्तर येते, ‘सर्व्हर डाऊन आहे, थांबा.’ नोंदणी लांबली की रक्ताचा नमुना उशिरा जातो, अहवालासाठी दुसरी फेरी होते आणि आणखी एका दिवसाची मजुरी बुडते.

संगणकावरील नोंदी वर्ध्याला नव्या नाहीत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने सी-डॅकच्या साहाय्याने या शतकाच्या पहिल्या दशकातच माहिती प्रणाली उभी केली. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे सरकारी रुग्णालयांतही संगणक वाढत आहेत. पण संगणक वाढले तरी मागचा सर्व्हर बहुधा तोच राहतो.

चूक हिशेबातच होते. समजा, आठ तासांत हजार केसपेपर निघतात. म्हणजे मिनिटाला दोन. पण त्यांतले सहाशे नऊ ते अकरा या वेळेतच आले, तर मिनिटाला पाच होतात. सर्व्हर घ्यायचा तो या पाचांसाठी. शिवाय काठोकाठ भरलेली यंत्रणा हळूहळू नव्हे, एकदम मंदावते. रांगेच्या साध्या गणितानुसार, एक सेकंदाचे काम निम्म्या भारावर सरासरी दोन सेकंदांत होते, ८० टक्क्यांवर पाच, तर ९० टक्क्यांवर दहा. अतिदक्षता विभागात एक-दोन खाटा रिकाम्या का ठेवाव्या लागतात, हे ज्याला कळते त्याला हेही कळावे.

साठवणुकीचे तसेच. रक्ततपासणीचा अहवाल काही केबींचा. सीटी स्कॅनची एक प्रतिमा मात्र अर्ध्या एमबीची. एका तपासणीत पाचशे प्रतिमा धरल्या तर २५० एमबी झाले. रोज वीस तपासण्या म्हणजे पाच जीबी, वर्षाला सुमारे १.८ टीबी. ही वाढ आधी मोजता येते, तरी डिस्क भरल्यावरच धावपळ होते.

दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. म्हणून दुसरा सर्व्हर आणि जाळ्यापासून वेगळी ठेवलेली नोंदींची प्रत हा चैनीचा खर्च मानू नये. वर्ध्याच्या मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला तर काय, हेही खरेदीच्या कागदांत यायला हवे.

निविदेपूर्वी आठवडाभर खिडकीवरील गर्दी तासागणिक मोजावी आणि ते आकडे जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवावेत. दरवर्षी ते पुन्हा तपासावेत. आणि छापील केसपेपरचा एक गठ्ठा खिडकीत कायम असू द्यावा.