विजेच्या गाडीचा हिशेब

गेल्या रविवारी भाची आली ती हातात कागदांची गुंडाळी घेऊनच. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा राजूरच्या वाटेवर, जालन्यातल्या घरापासून वीस किलोमीटर. तिची पेट्रोलची जुनी स्कूटर आता दर महिन्याला काही ना काही मागते. "मामा, विजेची गाडी घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, आजच सही केली तर सवलत मिळेल. तुम्ही एकदा नजर टाका ना." बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला लोक त्याच्या कादंबऱ्यांबद्दल क्वचितच विचारतात, कर्जाच्या कागदाबद्दल मात्र हमखास विचारतात.

मी तिला पहिला नियम सांगितला: आज सही केली नाही तर सवलत बुडेल असे जो म्हणतो, त्याच्यासमोर सही करू नये. मग चहा आला आणि आम्ही हिशेबाला बसलो.

आमच्या पिढीने चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावला. तीच चेतक २०२० च्या जानेवारीत विजेवर परत आली. १ जून १९४८ रोजी ज्या पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. तेव्हा ही गाडी म्हणजे चार दिवसांचे खूळ, असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच की ती आपल्या घराला, रस्त्याला आणि खिशाला मानवेल का?

आधी जमेची बाजू. भाचीचे जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरमागे शंभराच्या वर. म्हणजे रोजचे नव्वद रुपये तरी जातात. विजेच्या स्कूटरला तेवढ्या अंतरासाठी, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण दीड युनिट लागते. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर छत्तीस युनिट. इथे एक मेख आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटांनंतरचे युनिट जवळजवळ दुप्पट महाग पडते. गाडीची वीज घराच्या वापरावर चढत असल्याने तिला वरच्याच टप्प्याचा दर धरावा. तसा धरूनही रोजचा खर्च वीस रुपयांच्या आतबाहेर राहतो. महिन्याला दीड हजाराची बचत ही शिक्षिकेच्या घरात लहान रक्कम नाही. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यातही २०२२ पासून पंधरा टक्के सूट आहे.

मग अडचण कुठे? मी सांगतो ते शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या घरातल्या एका मुलाने ई-रिक्षा घेतली. कर्ज तीन वर्षांचे आणि जामीन मी. पहिले वर्ष पोराने चोख हप्ते भरले. दीड वर्षात शिशाच्या बॅटऱ्यांनी मान टाकली. नव्या बॅटऱ्या घ्याव्यात तर हप्ता थकतो, हप्ता भरावा तर रिक्षा दारात उभी. शेवटचे कित्येक हप्ते माझ्या पेन्शनमधून गेले. पैशापेक्षा जास्त लागले ते हे, की ज्याने जन्मभर दुसऱ्यांची कर्जप्रकरणे तपासली त्याने या प्रकरणात बॅटरीचे आयुष्य विचारलेच नव्हते. म्हशीचे कर्ज देताना आम्ही तिची वेते मोजत असू. कर्ज फिटेपर्यंत दूध टिकले पाहिजे, एवढा साधा हिशेब. इथे तोच विसरलो.

नव्या स्कूटरींत आणि मोटारींत शिशाची नव्हे, लिथियमची बॅटरी असते आणि ती पुष्कळ अधिक टिकते. पण गाडीच्या किमतीतला मोठा वाटा तिचाच असतो. म्हणून हमीपत्र दुकानात उभ्याउभ्या न वाचता घरी आणून वाचावे. हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची? दोन्हींपैकी जे आधी संपेल तिथे हमी संपते. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल? गाडी विकली तर हमी पुढच्या मालकाकडे जाते का? आणि कर्जाची मुदत हमीच्या मुदतीच्या आत बसते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर हप्ता थोडा मोठा घ्यावा, पण मुदत कमी करावी.

विक्रेत्यांच्या तोंडी अजून एक जुनी गोष्ट ऐकू येते: आयकरात दीड लाखापर्यंतच्या व्याजाची सूट. ती ८०-ईईबी कलमाची सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. नव्या कर्जाला ती नाही. केंद्राचे अनुदानही २०२३ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने आटत गेले आहे. दुसरीकडे, २०२५ च्या सप्टेंबरात साडेतीनशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो आधीपासून ५ टक्केच आहे. म्हणजे दोन्हींच्या किमतींतले अंतर आता पूर्वीचे राहिलेले नाही. जुन्या आकड्यांवर नवा निर्णय घेऊ नये.

आता आपल्या जालन्याचे ऊन. मे महिन्यात पारा बेचाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. उष्णता ही बॅटरीची वैरीण. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरी पेटल्या, पुण्यातही पेटली. त्यानंतर सरकारने बॅटरीचे सुरक्षेचे नियम कडक केले आणि डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याने लागू झाले. गाडी या नियमांनुसार आहे ना, हे विचारावे. लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची बॅटरी थोडी जड असते, पण उष्णतेला अधिक सोसणारी. आणि भर दुपारी धावून आलेली गाडी तासभर सावलीत निवू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी.

त्याहून महत्त्वाचे घरातले वायरिंग. जुन्या जालन्यातल्या कित्येक वाड्यांत अर्थिंग नावापुरतेच आहे. गाडी घेण्याआधी वायरमन बोलवावा, अर्थिंग तपासून घ्यावे, चार्जिंगसाठी वेगळा पॉइंट काढून घ्यावा. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून पावसाळ्यात चार्जिंग करणारे महाभाग मी पाहिले आहेत. सदनिकेत राहणाऱ्यांनी वाहनतळावर पॉइंट मिळेल का, हे सोसायटीशी लेखी ठरवून मगच पुढे जावे.

जाहिरातीतले अंतर हे परीक्षेतल्या गुणांसारखे असते; संसारात तेवढे पडत नाहीत. मागे माणूस बसला, समोरून वारा आला, वेग वाढला की आकडा उतरतो. छापील आकड्याच्या पाऊणपटच आपला धरावा.

मोटार घेणाऱ्यांनी समृद्धी महामार्गाचा विचार वेगळा करावा. ५ जून २०२५ पासून हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला, जालन्याहून मुंबई जवळ आली. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने या रस्त्यावर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली. पण ताशी एकशेवीसच्या वेगात बॅटरी झपाट्याने उतरते. निघण्याआधी वाटेतले चार्जर चालू आहेत का, आपल्या गाडीला ते जुळतात का, हे पाहून ठेवावे. आणि दुरुस्तीचे केंद्र जालन्यात आहे की साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला? सुटा भाग किती दिवसांत येतो? हे विक्रेत्याला विचारू नये. तीच गाडी वर्षभर वापरणाऱ्या दोन माणसांना विचारावे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा मोटरमधल्या चुंबकांवाचून आपल्याकडच्या दुचाकी कारखान्यांची ओढाताण झाली. आपल्या अंगणातल्या गाडीचे धागे इतक्या दूरवर गेलेले आहेत.

पर्यावरणाचे काय, असे भाचीने विचारले. खरे सांगायचे तर आपली बरीचशी वीज अजून परळीसारख्या ठिकाणी कोळसा जाळूनच येते. तरीही गल्लीत, शाळेच्या फाटकाशी, लेकरांच्या नाकाशी धूर येत नाही, हा लाभ लहान नाही. छपरावर सौर पॅनेल बसवता आले तर फारच उत्तम. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान ठेवले होते.

कोटेशनच्या पाठीमागे भाचीने हे सगळे प्रश्न एकाखाली एक लिहून घेतले. सोमवारी तिने दुकानदाराला सांगितले, गाडी शाळेपर्यंत नेऊन आणू द्या, नवऱ्याला मागे बसवून. दुकानदार कुरकुरला, पण तयार झाला. चाळीस किलोमीटर झाल्यावर बॅटरी निम्म्याहून थोडी जास्त शिल्लक होती. मंगळवारी वायरमन आला. कर्जाची मुदत तिने पाच वर्षांवरून तीनवर आणली, म्हणून हप्ता वाढला. "तेवढा पेट्रोलमधून निघेल," ती म्हणाली.

तिची ती 'आजच संपणारी' सवलत शुक्रवारीही चालूच होती.